घासलेली नाणी, कापलेली तिकिटं

गोंदियात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या नाण्यांचा नाद असल्यामुळे रविवारी मी लोकांची नाणी बघून किंमत सांगतो, आणि माझे मित्र बिसेन गुरुजी शेजारी बसून पोस्टाची तिकिटं बघतात. आमच्याकडे ना नाणी साठली, ना तिकिटं. किस्से मात्र इतके साठलेत की त्यांनाच कुणी गिऱ्हाईक मिळतं का बघतोय!

*

सडक अर्जुनीच्या एका ढाबेवाल्याचा फोन आला. घरात तांब्याचं जुनं नाणं सापडलं होतं, आणि त्यानं पाठवलेल्या फोटोवरून तरी चांगलं वाटत होतं. मी म्हटलं, "आहे तसंच घेऊन या."

आला तो आरशासारखं लखलखीत नाणं घेऊन! त्यावर एक अक्षर शिल्लक नव्हतं.

"अहो, हे काय केलंत?"

"तुमच्यासारख्या मोठ्या मानसापुढं मळकं कसं आनू? बायकोनं चिंच आन् राख लावून घासलं!"

"आता हा नुसता तांब्याचा तुकडा झाला."

"पन चमकून कसा रायला, ते तं पाहा!"

*

गुरुजींकडे एक गृहस्थ तिकिटांचा अल्बम घेऊन आले. तिकीट जुनं असो की नवं, त्याच्या दातेरी कडा शाबूत लागतात. यांच्या अल्बममधलं एकूणएक तिकीट पट्टीनं आखल्यासारखं सरळ!

"उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसत होत्या गुरुजी, म्हनून कैची मारली. अख्खी सुट्टी गेली!"

गुरुजी उठले, तांब्याभर पाणी प्यायले आणि थेट घरी गेले.

*

बिरसीचा एक शेतकरी चिखलानं भरलेली पिशवी घेऊन आला. आत काळीठिक्कर पडलेली नाणी. मी एक धुतलं, तर दहा रुपयांचं! आजही भाजीबाजारात चालतं ते.

"कुठं सापडली?"

"सापडली नाईत, वावरातल्या बांधीत पुरली होती. धानाची दोन पिकं निघाली वरून. जुनी नाई झाली का अजून?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यानं शांतपणे पिशवी बांधली. "मंग पुरतो परत. मले कायची घाई हाय?"

*

मोबाईलवरच्या व्हिडिओंनी तर आमचं डोकं पिकवलंय. एक व्यापारी ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची नोट घेऊन आला. "पंद्रह लाख. व्हिडिओ में देखा है."

"पाच रुपये," मी म्हटलं.

"चलो, आधा अभी दो, आधा दिवाली के बाद!"

गुरुजींनी खिशातून तशीच नोट काढली. "शेठजी, ही माझी घ्या. तुमच्यासाठी फक्त तेरा लाख."

शेठजींनी नोट उलटसुलट करून परत दिली. "महंगा है."

*

आणि दरेकशाचे बाबाजी! त्यांची दोन्ही मुलं बाहेर गाडी लावत होती, तेवढ्यात म्हातारा काठी टेकत आत आला आणि चांदीचा रुपया माझ्या हातात कोंबला.

"बायकोच्या माळेतला हाय. पोरं किंमत काढाले घेऊन आले. तुमी खोटा म्हना!"

"का हो?"

आमच्याकडे चितेवर ठेवण्याआधी माणसाच्या कपाळावर रुपया लावतात. बाबाजींना हाच रुपया हवा होता. "खरा निंगाला तं पोरं इकून टाकतीन. तिची एवढीच वस्तू रायली. मले संग न्यायची हाय."

मी भिंग लावलं आणि रुपया दोनदा उलटून पाहिला. इतका दुर्मीळ रुपया मी आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरला होता!

मुलं आत आली. मी घसा साफ केला. "खोटा आहे. काही येणार नाही याचं."

बाबाजींनी असा चेहरा पाडला की नाटकमंडळीनं उचलून नेलं असतं. धाकटा त्यांना धरून बाहेर घेऊन गेला. थोरला मात्र रेंगाळला आणि माझ्या कानाशी वाकला.

"बरं केलं काका. धाकट्यानं हट्ट धरला म्हनून आलो. खरा म्हटला असता तं बाबानं आजच इकून आमाले पैसे वाटले असते. मायची एवढीच वस्तू हाय त्याईच्यापाशी." मग हळूच, "पन खरा हाय नं?"

मी मान डोलावली. त्यानं डोळे पुसले.

बाहेरून बाबाजी ओरडले, "काऊन रे, का इचारून रायला?"

"काई नाई बाबा! घड्याळाचा सेल केवढ्याले, ते इचारून रायलो!"