घामट हातांची नखी

गिटार माझ्याकडे आली ती सोसायटीच्या सोडतीत. आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी कुपनं काढतात. त्या वर्षी पहिलं बक्षीस मिक्सर होतं, दुसरं इस्त्री आणि तिसरं गिटार. गिटारची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. नवऱ्याचा डोळा मिक्सरवर होता. तिसऱ्या बक्षिसाला आमचा नंबर पुकारला तेव्हा तो हळूच म्हणाला, "बदलून देतील का?"

नाही दिली. घरी आणून आम्ही ती दिवाणावर ठेवली. तारांमध्ये वाजवायचं एक पिवळं, पातळ, तिकोनी पिक खोचलेलं होतं. मी ते काढलं आणि सहज सहा तारांवरून खाली ओढलं. सूर लावलेले नसणारच, तरीही एवढासा प्लास्टिकचा तुकडा फिरवल्यावर सगळी खोली भरली. मी परत ओढलं. जेवायला त्या दिवशी उशीर झाला.

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. ऐरोलीच्या एका कंपनीत विम्याचे कागद तपासण्याचं काम करत होते, अजूनही करते. गिटार शिकायची म्हटल्यावर घरात कुणी हसलं नाही. अडचण वेगळीच होती. माझ्या हातांना घाम येतो. उकाड्यात सगळ्यांनाच येतो, मला डिसेंबरात येतो आणि एसीतही येतो. शाळेत पेपर लिहिताना मनगटाखाली रुमाल ठेवावा लागायचा, नाहीतर शाई फुटायची. ऑफिसात हजेरीचं यंत्र माझं बोट ओळखत नाही. ओढणीला तीनदा पुसलं की चौथ्यांदा हिरवा दिवा लागतो, आणि तोवर मागे रांग झालेली असते. डॉक्टर म्हणाले होते, काळजीचं काही नाही, काही जणांना असतं. मी काळजी करत नव्हते, फक्त हात लपवत होते. ती सवय इतकी जुनी होती की मला ती सवय वाटतही नव्हती.

शिरवण्यात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर गिटारचा क्लास होता. शनिवारी सकाळी शाळेतली चार मुलं आणि मी. शिकवणारी मॅडम तिशीतली, पूर्वी हॉटेलांमधून वाजवायची. बोलायला गोड, पण कान तिखट. पहिल्याच तासाला माझं पिक बोटांतून निसटलं आणि गिटारच्या भोकात गेलं. गिटार उलटी करून खुळखुळवली, मुलांनी खालून हात धरले, पिक बाहेर पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा गेलं. तासाभरात पाच वेळा. मॅडम म्हणाली, "होतं सुरुवातीला. तुम्ही हवं तर नुसत्या बोटांनी वाजवा."

बोटांनी वाजवून पाहिलं. आवाज छान येत होता, पण फार हळवा, शेजारच्या खोलीत कुणी बोलत असल्यासारखा. मला त्या पहिल्या संध्याकाळचा खोली भरणारा आवाज हवा होता. म्हणजे पिकच हवं होतं.

मग माझा शोध सुरू झाला. वाशीच्या वाद्यांच्या दुकानात काउंटरवर छोट्या छोट्या डब्या असतात, त्यात जाडीप्रमाणे पिकं मांडलेली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वाजवून बघा." लोकांसमोर वाजवायचं म्हटल्यावर हातांना आणखी पाणी सुटलं. मी न वाजवताच सहा वेगवेगळी पिकं उचलली आणि घरी आले.

नवऱ्याच्या घरचे साताऱ्याकडचे. तो वाशीच्या मार्केटमध्ये फळांच्या गाळ्यावर सुपरवायझर आहे. त्या रविवारी फोनवर तो भावाला सांगत होता, "काय नाय, ही पिकं बघत बसलीय." पलीकडून दिराने विचारलं असणार की कसली, आणि जमीन कुठे घेतली. कारण नवरा बराच वेळ हसत राहिला आणि मग म्हणाला, "अरे, प्लास्टिकची. शेतातली नाय." तेव्हापासून साताऱ्याहून फोन आला की जाऊबाई विचारतात, यंदा पीक कसं आहे.

पीक बरं नव्हतं. सगळ्यात पातळ पिक हाताला हलकं होतं, मनगट दुखायचं नाही, पण आवाज चटचट यायचा, पापडाचं पाकीट चुरगाळावं तसा. सगळ्यात जाड होतं त्याने एकेक तार स्वच्छ बोलायची, पण सहाही तारांवरून फिरवताना ते मध्येच अडायचं, आणि अडलं की बोटांत फिरून आडवं व्हायचं. एकाला रबराचं अस्तर होतं. ते आठ दिवस उत्तम चाललं, मग घामाने चिकट होऊन सालासारखं सुटलं. मी हातांना पावडर लावून पाहिली, तर गिटारवर पांढरे ठसे उठले. नवऱ्याने एका पिकावर सँडपेपर चिकटवून दिला. पकड अशी बसली की विचारू नये, पण दोन दिवसांत अंगठ्याची साल निघाली. मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापून त्याने आणखी दोन करून दिली. त्यांचा आवाज खरंच वाईट नव्हता. पण घाम आला की तीही माशासारखी सुळकन जायची.

मी क्लास सोडायचा विचार करत होते. मॅडमला तसं सांगायचं म्हणून एका शनिवारी अर्धा तास आधीच गेले. इमारतीच्या दारात मालक खुर्ची टाकून बसायचे. सत्तरीचे असतील, तिथले मूळचे आगरी, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. येता-जाता मी नुसती मान हलवायचे. त्या दिवशी तेच म्हणाले, "काय बाय, मागच्या येला किती येला पडली?"

मला आधी कळेना. "काय पडली, काका?"

"नखी गो. तुमी पिक बोलता ती. मी हितं बसून आयकतंय. पोरांची पडत नाय, तुजीच पडते. मधीच एक ठोका खाल्ला जातो."

मी ओशाळले. विचारलं, "तुम्हाला कसं कळतं?"

मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षं ते बेंजो, म्हणजे बटणांचं बुलबुल तरंग, वाजवत होते. हळदीला, साखरपुड्याला, पार उरणपर्यंत बोलावणं यायचं. पुढे जमिनी गेल्या, इमारत उभी राहिली, भाडेकरू आले आणि बेंजो माळ्यावर गेला. सांगताना त्यांना वाईट वाटत होतं असं मला दिसलं नाही. पण उजव्या हाताची दोन बोटं मात्र एकमेकांवर घासत होती.

"हात बगू तुजा," ते म्हणाले.

मी हात मागे घेतला. "राहू द्या काका, घाम आहे."

"हात हाय, घाम येनारच. कोनाला येत नाय?"

आणि त्यांनी माझा हात धरला. तळवा वर करून पाहिला, रुमाल मागितला नाही, स्वतःचा हात लुंगीला पुसला नाही. अंगठ्याच्या बाजूचा लाल चट्टा पाहून म्हणाले, "यो कशानं?" मी सँडपेपरचं सांगितलं. ते हसले नाहीत. मला पिक धरायला लावलं, आणि माझा अंगठा बाजूने थोडा उचलला.

"तू घट धरतेस. पडंल म्हनून भितेस. घट धरली का हात तापतो, तापला का घाम येतो, मंग पडतेच. बोटाच्या बाजूवर ठेव, वरून अंगठा नुसता टेकव. कोनाचा हात धरून रस्ता वलांडतो ना आपन, तवराच जोर."

"तरी घाम येतोच," मी म्हटलं. "तुम्ही काय करायचात?"

"भोकं पाडायची."

मे महिन्यात मांडवात बसून वाजवताना त्यांच्या कोपरावरून पाणी गळायचं. बाजारातल्या नख्या त्यांनाही टिकत नसत. घरातली बादली फुटली की तिचा तुकडा कापायचा, फरशीवर घासून कडा गोल करायच्या, आणि सुई तापवून मध्ये चार-पाच भोकं पाडायची. "गुलगुलीत वस्तूवर घाम तितंच बसतो. भोक असलं का त्यात जातो. आनि बोटाचं मास पन जरासं आत बसतं. मंग ती हालत नाय."

त्या दिवशी क्लास सोडायचं मी मॅडमला सांगितलं नाही.

नवऱ्याला हे सगळं ऐकवल्यावर तो दुसऱ्या दिवशी मार्केटमधून तडकलेल्या निळ्या क्रेटचा तुकडा घेऊन आला. आम्ही दोघं रविवारची अख्खी दुपार गॅलरीत बसून तो घासत होतो. जाड कात्रीने कापला, नखं घासायच्या कानशीने कडा काढल्या, शेवटी जीन्सच्या कापडावर चोळला. सुई चिमट्यात धरून गॅसवर लाल केली, पाच भोकं पाडली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. पंखा लावून, खिडक्या उघडून मी वाजवायला बसले.

पिक जागचं हललं नाही. मी खूश होऊन नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पण आवाज बसलाय गं." खरं होतं. क्रेटचं प्लास्टिक मऊ, तारेला नीट टोचतच नव्हतं. सर्दी झालेल्या माणसासारखी गिटार बोलत होती, आणि आठवड्याभरात टोकाला दोरे सुटले.

पुढच्या शनिवारी मी तो तुकडा काकांना दाखवला. त्यांनी तो नखाने वाजवून पाहिला आणि मला परत दिला. "बेंजोच्या तारा बारीक, त्याला चालतं. तुजी तार जाड. भोकं हीच ठेव, वस्तू बदल."

इतकं सोपं होतं ते, आणि आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं. दुकानातून आणलेल्या सहांपैकी एक पिक मी बाजूला टाकलं होतं. ना पातळ ना जाड, एक मिलिमीटरला किंचित कमी, खडूसारखं कोरडं अंग, आणि आकार मोठा, तिन्ही कोपरे सारखे गोल. आवाज मला पहिल्यापासून आवडला होता. चटचट नाही, ठोकाही नाही, सुरुवातीला एक हलका टिचका आणि मागून भरदार गोलाई. पण तेही निसटायचं म्हणून ते डबीत गेलं होतं. मी त्यालाच भोकं पाडली. पहिल्या प्रयत्नात सुई तिरकी गेली आणि भोक लांबट झालं. ते तसंच राहिलं. माझ्या अंगठ्याला आता तेच भोक सगळ्यात आधी सापडतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी सगळा तास वाजवलं. पिक एकदाही पडलं नाही. घाम आला, नेहमीइतकाच आला. मॅडम शेवटी म्हणाली, "आज जरा पुढचं गाणं घेऊ या." मुलांनी वह्या काढल्या. मला घाई नव्हती. मी नवीन कॉर्डसाठी डाव्या हाताची बोटं तारांवर बसवत होते आणि उजव्या हाताची मला आठवणही नव्हती.

खाली उतरले तर काका खुर्चीत नव्हते. मी थांबले. थोड्या वेळाने ते जिन्यावरून आले, हातात धुळीने माखलेली लांब लाकडी पेटी. सुनेला माळ्यावर चढवून त्यांनी बेंजो काढायला लावला होता. तीन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजलेल्या, दोन बटणं दाबली की वर येत नव्हती.

"वाशीच्या दुकानात ह्याच्या तारा मिलतील का गो?" त्यांनी विचारलं.

मिळाल्या. दुकानदाराला आतल्या खोलीत शोधाव्या लागल्या. मी त्याच्या काउंटरवरच्या गिटारवर माझं भोकांचं पिक चालवून पाहत उभी होते, तारा कधी आल्या ते कळलं नाही.

आता मी शनिवारी क्लासच्या अर्धा तास आधी जाते. त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकलेली असते. ते हळदीची जुनी चाल धरतात, मी मागे तीन कॉर्ड वाजवते. ते फार पळतात, मी मागे पडते, मग ते थांबतात आणि म्हणतात, "तू लय आरामात चालतेस बाय." मी म्हणते, "काका, तुम्ही मांडवात नाही आहात, हळू घ्या." ते हळू घेत नाहीत. वरून मॅडम खिडकीतून डोकावते, मुलं येऊन पायऱ्यांवर बसतात, आणि क्लास पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू होतो.