भुसा चाखणारे काका

आमच्या ग्रीनहाऊसमध्ये कुठलं रोप कशात लावायचं, हे काका ठरवत. नेच्यांना पानांचं खत, निवडुंगाला वाळू आणि बाकी सगळ्यांना नारळाचा भुसा. नुसती माती कुंडीत घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात, म्हणून मातीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करत. पण भुशात मीठ असतं. तो किती वेळा धुवायचा हे काका चाखून सांगत. ओला भुसा मुठीत पिळायचा, निथळलेलं पाणी जिभेच्या टोकावर घ्यायचं आणि थुंकायचं. ते म्हणाले अजून दोन पाणी, की अजून दोन पाणी. मीठ मोजायचं यंत्रही होतं, ते बिघडलं ते बिघडलंच. काका असताना दुरुस्त कोण करतो?

मी तिथे पाणी घालणारी. यंदा भुसा दोन व्यापाऱ्यांकडून आला. काकांनी दोन्ही चाखले, नवा निवडला आणि एकाच पाण्यात पास केला. तीन हजार रोपं त्यात लावली. दहाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या आणि मालकीणबाईंनी मला बोलावलं. पाण्यात खत जास्त टाकलंस, म्हणाल्या. शनिवारपर्यंत रोपं सावरली नाहीत तर दुसरीकडे काम बघ. काकांवर संशय घ्यायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. माझी आई अंथरुणाला खिळलेली, घरात कमावणारी मी एकटी.

मी स्वतः एका कुंडीतला भुसा पिळून चाखला. खारट. तीच मूठ काकांपुढे धरली. त्यांनी चाखलं आणि म्हणाले, गोडं आहे की. तोंडावर खोटं! इतकी वर्षं काका काका करत ज्यांच्यामागे फिरले, त्यांचा मला असा संताप आला की दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी जेवायला मात्र सवयीने त्यांच्याच शेजारी बसले आणि सवयीनेच त्यांच्या डब्यातली भाजी घेतली. सकाळपासून डबा उन्हात राहिला होता. भाजी आंबलेली. मी थुंकून टाकली. काकांनी अर्ध्याहून जास्त संपवली होती.

"काका, भाजी कशी झालीये?"

"छान. तुझी काकू करते ती छानच असते."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच झाकण लावलं. दोन महिन्यांपूर्वीच्या तापानंतर त्यांची चवही गेली होती आणि वासही. काकूंनाही सांगितलं नव्हतं. त्या रोज विचारत, मीठ बरोबर होतं ना, आणि हे हो म्हणत. बोलता बोलता काका रडायला लागले. मला कीव आली; राग मात्र गेला नाही.

लगेच आम्ही कुंड्यांमधून साधं पाणी वाहवायला लागलो. हात भरून आले, पण मुळं आधीच जळली होती. शुक्रवारी काकांनी माझ्यापुढे अक्षरशः हात जोडले. तू चाख आणि मला खूण कर, कोणाला कळणार नाही, म्हणाले. मग उद्या कामावरून कोण जाणार, मी विचारलं.

शनिवारी नवा भुसा आला. उतरवतानाच मी चाखला होता, तोही खारट. मालकीणबाईंनी मूठभर काकांच्या हातात दिला. खूण करायची नाही, असं ठरवूनच मी आले होते. पण पाणी जिभेवर घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझी मान नाही म्हणून हलली. काकांनी ती पाहिली. थुंकले.

"बाई, मला चव कळत नाही. आता हिची मान बघून सांगू शकलो असतो. ती रोपं माझ्यामुळे गेली. हिचं काही चुकलं नाही."

मालकीणबाईंनी पोत्यातून दुसरी मूठ काढली आणि माझ्यापुढे धरली.

आता भुसा मी चाखते. काका मागच्या टाकीवर रिकाम्या कुंड्या घासतात, आणि पूर्वी त्यांना विचारल्याशिवाय भुशाला हात न लावणारी माणसं त्यांच्यापुढे घाण कुंड्या टाकून निघून जातात. मला ते बघवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा माझ्यापुढे सरकवतात. मी एक घास खाते.

"आज मीठ जरा कमी आहे," मी सांगते. ते मनाशी दोनदा घोकतात आणि घरी जाऊन काकूंना तेच सांगतात.