करंजी घाटात धुरकटलेली काच

पावसाळ्यात नगरहून तिसगाव-पाथर्डीकडे गाडीनं जायचा बेत असेल, तर करंजी घाट लागण्याआधी काच बोटभर खाली घ्या. काच धुरकटली की करायचं ते एवढंच. आमच्या घराण्यातल्या मोटारतज्ज्ञाला तेवढंही ठाऊक नव्हतं, म्हणून इतक्या वर्षांनी मला हे सगळं लिहावं लागतंय.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा एक श्रावण. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी भिंगारला आले होते. वडील छावणीच्या कचेरीत कारकून, तिथल्याच क्वार्टरमध्ये आमचं बिऱ्हाड. मुलीला सव्वा महिना झाला आणि आम्हा दोघींना तिसगावला न्यायला सासरची माणसं आली. खरं तर तिसगावला एस.टी. जात होती. तिच्या खिडक्या कधीच नीट लागत नसत, हा तिचा केवढा मोठा गुण होता ते मला त्या दिवशी कळलं. पण मामांनी नुकतीच सेकंडहँड मोटार घेतली होती, मग एस.टी.चं नाव कोण काढणार?

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. तिसगावच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. मोटार आल्यापासून ते गल्ल्यावर कमी आणि बॉनेटला टेकून जास्त दिसत. मोटारीतलं आपल्याला सगळं कळतं, असं त्यांचं मत होतं आणि ते मत असणारे ते एकटेच होते. मागच्या काचा फिरवायचे दांडे त्यांनी काढून पुढच्या खणात ठेवले होते. कुणी उगाच फिरवून बिघडवू नये म्हणून.

सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, मला कानाला फडकं, डोक्यावर शाल आणि वरून घोंगडी असं बांधलं. मुलगी तर दुपट्यांच्या आत कुठंतरी होती. एवढ्यावर भागलं नाही. बाळंतिणीला शेक हवा, म्हणून त्यांनी एका घमेल्यात राखेखाली निखारे घेतले, वर चिमूटभर ओवा टाकला आणि ते घमेलं विटेवर ठेवून गाडीत आमच्या पायाशी सरकवलं.

"अक्का, माझं रेक्झिन जळंल," मामा म्हणाले. त्यांना काळजी होती ती तेवढीच.

"न्हाई जळत. निखारं राखंखाली हायेत," आत्याबाई म्हणाल्या. "आन काच कुनी खाली घ्यायची न्हाई. लेकराला वारं लागंल."

आमचे हे पुढं मामांच्या शेजारी बसले. हे शाळेत मास्तर. वर्गात यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा म्हणे. आईसमोर तो पुढच्या सीटवरून मागच्या सीटपर्यंतही येत नसे.

भिंगारचा बाजार मागं पडला तोवर भुरभुर लागली होती. रस्ता डांबरी, पण एकेरी. समोरून ट्रक आला की एक चाक चिखलात घालायचं. मेहेकरी येईपर्यंत सगळ्या काचा भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारख्या झाल्या. आत चार माणसं आणि एक लेकरू श्वास घेतायत, पावसाळी हवेनं दमटलेली घोंगडी वाफाळतेय, खाली निखारे आहेत आणि हवा जायला सुईएवढी फट नाही. दुसरं काय होणार? पण मामांनी निदान वेगळंच केलं.

"भाईरून पाऊस मुरतोय काचेत," ते म्हणाले.

काचेत पाऊस मुरतो हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ह्यांनी मान डोलावली आणि हातरुमालानं काच पुसायला घेतली. पुसलेला भाग पुन्हा धुरकटायचा, हे पुन्हा पुसायचे. कौडगाव गेलं, रुमाल ओला झाला, ह्यांनी धोतराचा सोगा घेतला. पण काचेचं धुरकटणंच थांबवता येईल, असं त्या मास्तराच्या डोक्यात आलं नाही.

"मामा, तो दांडा द्या ना. काच जरा खाली घेते," मी म्हणाले.

"गप बस, शालन," आत्याबाई म्हणाल्या. "आमी काय लेकरं वाढीवली न्हाईत व्हय?"

घाट सुरू व्हायच्या आधी मामांनी गाडी थांबवली आणि चंची काढली. काचेवर तंबाखू चोळली की पाणी धरत नाही, असं त्यांना कुणा ट्रकवाल्यानं सांगितलं होतं. ट्रकवाले पावसाचं पाणी ओघळावं म्हणून बाहेरून चोळत. मामांनी बाहेर पाऊस आहे म्हणून आत बसूनच चोळली. काच आधी धुरकट होती, आता पिवळीही झाली. त्या पिवळ्या काचेतून आम्ही करंजी घाट उतरायला लागलो.

माझं डोकं जड झालं होतं. मळमळत होतं. वाटलं, बाळंतपणाचा अशक्तपणा असेल. मुलगी मेहेकरीपर्यंत रडून रडून लाल झाली होती, ती आता चिडीचूप होती.

"बघ, उबंला कशी झोपलीय," आत्याबाई म्हणाल्या.

तिची दूध प्यायची वेळ होऊन गेली होती. मी शालीआडून तिला पाजायला घेतलं. तिनं तोंड उघडलं नाही. गालाला बोट लावलं, तळपाय चोळले. एरवी एवढ्यानं ती घर डोक्यावर घ्यायची. तिची मान माझ्या दंडावरून नुसती घरंगळली. 

तेवढ्यात वळणावर कानाशी एस.टी.चा हॉर्न वाजला. मामांनी न बघता, म्हणजे बघता येत नव्हतं म्हणूनच, गाडी डावीकडं घेतली आणि कठड्याच्या दगडाला टेकवून बंद पाडली. एस.टी. निघून गेली. मामा म्हणाले, "दिसलीच न्हाई." ह्यांनी पुन्हा सोगा उचलला.

काचेचा दांडा खणात होता, पण दाराची मूठ जागेवर होती. मी दार उघडलं आणि मुलीला घेऊन पावसात उतरले.

"अगं ए, ओली बाळंतीन तू," आत्याबाई आतून ओरडल्या. "लेकरू मारतीस काय?"

मी तिची दुपटी सोडली, तोंड उघडं केलं, वाऱ्याकडं धरलं. भुरभुर तिच्या कपाळावर पडत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ती शिंकली, हातपाय ताणले आणि अशी काही रडली की घाटाच्या खालपर्यंत ऐकू गेलं असेल. मीही तिथंच रडले. बंद जागेतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, हे मला फार पुढं समजलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं होतं की या गाडीतल्या कुणालाही विचारून मी माझी मुलगी वाढवणार नाही.

दार उघडं राहिल्यामुळं काच आपोआप निवळली होती. समोरचा रस्ता, खालचं करंजी गाव, सगळं पिवळट का होईना, पण स्वच्छ दिसत होतं.

"बघितलं?" मामा म्हणाले. "तंबाखूचा गुन. जरा येळ लागतो."

खाली करंजीत चहाला थांबलो. भजी गरम होती, चहा गुळाचा. मामांनी हॉटेलातल्या बाकावर आपला शोध जाहीर केला. एक म्हातारा शेतकरी मन लावून ऐकत होता.

"आतून चोळायची का भाईरून?" त्यानं विचारलं.

"दोन्हीकून," मामा म्हणाले.

"मंग खायाला काय ऱ्हातंय?"

आत्याबाई डोकं धरून बसल्या होत्या. त्यांनी चहाही अर्धा ठेवला. मग उठल्या, घमेलं हॉटेलमागं नेऊन रिकामं केलं आणि रिकामंच डिकीत टाकलं. कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही.

मी गाडीशी उभी राहिले. "दांडा दिल्याशिवाय मी बसणार नाही," म्हणाले. मामा हसले. आत्याबाई दुसरीकडं बघत होत्या. हे मात्र पुढं वाकले, खण उघडला आणि दांडा माझ्या हातात ठेवला. लग्नानंतर ह्यांनी मला दिलेली ही पहिली उपयोगी वस्तू. तिसगावपर्यंत माझ्या बाजूची काच अर्धी खाली होती आणि मुलगी मजेत दूध पीत होती.

तिसगावात गोष्ट पोचली ती अशी: सून भर घाटात पावसात उतरली आणि मामांनी तंबाखूनं गाडी वाचवली. पुढं मुलगी वर्षभर जेव्हा जेव्हा शिंकली, तेव्हा शेजारणींनी तो घाट काढला. मामांच्या घरात आजही पावसाळ्यात तंबाखूचा तो उपाय सांगतात. तुम्हाला कुणी सांगितला तर ऐकून घ्या आणि काच खाली करा.

माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण नगरला झालं, तेव्हा आम्ही तिला जीपनं तिसगावला आणत होतो. आत्याबाई तोवर चांगल्या थकल्या होत्या, तरी पणतवंडाला आणायला हट्टानं आल्या होत्या. पावसाळाच होता. घाटाच्या तोंडाशी ड्रायव्हरनं बाळ आहे म्हणून आपण होऊन काच वर घेतली.

"ऱ्हाऊ दे खाली," आत्याबाई म्हणाल्या. "आत कोंदतंय लेकराला."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या बाहेर बघत होत्या. त्या घाटाबद्दल आमच्या दोघींत झालेलं बोलणं तेवढंच.