चेंडू लांब असताना

त्या मंगळवारी सकाळी तव्यावर थालीपीठ होतं, सानिकाचा एक मोजा सापडत नव्हता आणि आमचे हे बस चुकणार म्हणून उभ्यानेच चहा पीत होते. वेलिंग्टनचा वारा खिडक्या खडखडवत होता, त्यामुळे दारावरची थाप मला आधी वाऱ्याचीच वाटली.

"मम, डोअर!" सानिका आतून ओरडली. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीत.

दारात सत्तरीचा एक गोरा म्हातारा उभा होता. डोक्यावर हिरवी लोकरी टोपी, हातात केळ्यांचा रिकामा खोका. रिकामा कसला, कॅसेटनी भरलेला.

"शेजारी कोणी नाही वाटतं. हे शुभच्या आईला द्याल? मी नोएल. आम्ही गोलच्या मागे उभे राहायचो."

शुभ म्हणजे शुभंकर, शेजारच्या आशालताताईंचा मुलगा. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. इथल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा तो दोन वर्षं गोलकीपर होता. चौऱ्याण्णवला कॉलेज संपलं, पुढच्या शिक्षणासाठी तो डुनेडिनला गेला, आणि शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मेंदूज्वराने दीड दिवसात गेला. त्याला आता वर्ष होत आलं होतं. नोएल आणि त्याचे पाच-सहा सोबती, सगळे निवृत्त, त्यांचा ना मुलगा त्या टीममध्ये ना नातू. शनिवारी मॅच बघायला जायचं, एवढंच त्यांचं नातं. नोएलने सगळ्या मॅचेस आपल्या कॅमेऱ्यात घेतल्या होत्या. चौदा कॅसेट. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि समोरच्या टीमचं नाव लिहिलेलं.

ते अक्षर पाहून आशाताईंना बरं वाटलं असणार. त्या इस्पितळाच्या फार्मसीत आहेत, आणि त्यांच्या घरात मेतकुटाच्या बाटलीवरसुद्धा तारीख असते. माझ्या स्वयंपाकघरात आल्या की पहिल्यांदा डबे उघडून बघणार. "सुनेत्रा, तुझी हळद एक्स्पायर झालीय गं. आणि हा मसाला तर बहुतेक तुझ्या लग्नातला."

मूळच्या सांगलीच्या. अठ्ठ्याऐंशीत इथे आल्यावर सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या. नोकरी लागली तेव्हा त्या नव्या, म्हणून शनिवारची ड्यूटी त्यांच्या गळ्यात पडली, आणि जुन्या झाल्या तरी ती काही सुटली नाही. मॅचेस शनिवारी. "पुढच्या सीझनला नक्की येते," असं त्या शुभंकरला म्हणायच्या आणि तो "नो वरीज, आई" म्हणायचा. त्यांनी त्याची एकही मॅच पाहिलेली नव्हती.

डोकं दुखतंय म्हणून त्याने डुनेडिनहून फोन केला, तेव्हा "पॅनाडॉल घे, भरपूर पाणी पी आणि झोप" हे त्यांनीच सांगितलं होतं. कोणत्याही आईने हेच सांगितलं असतं, असं मी एकदा म्हणून गेले.

"कोणतीही आई फार्मासिस्ट नसते," त्या म्हणाल्या आणि गवार मोडायला लागल्या. मीही मोडायला घेतली.

आशाताईंच्या यजमानांनी, विवेकभावजींनी, कॅसेटचा खोका पाहिला आणि ते गॅरेजमध्ये निघून गेले. म्हणून गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, आशाताई तो घेऊन माझ्याकडे आल्या. नीट इस्त्री केलेली साडी नेसून. एरवी घरात त्या ट्रॅक पँटमध्ये असतात.

मी पहिली कॅसेट लावली. हिरवं मैदान, पळणारी पोरं, मधूनच नोएलचं ओरडणं. कॅमेरा चेंडूच्या मागे.

"कुठाय गं?"

"येईल आता."

चेंडू समोरच्या गोलपाशी. कॉर्नर. परत कॉर्नर. नोएल खूश. आमची नजर पडद्याच्या कडेला, जिथून काही येत नव्हतं. पंधरा मिनिटांनी चेंडू अखेर इकडे आला. पिवळ्या जर्सीतली एक उंच आकृती झेपावली, उठली, तिने लाथ मारून चेंडू लांब भिरकावला आणि कॅमेरा चेंडूबरोबर निघून गेला.

"अहो, मागे फिरवा ना!" आशाताई टीव्हीला म्हणाल्या.

मी ते परत लावलं. परत लावलं. मग पॉज दाबलं, तर चित्र थरथरायला लागलं आणि एक पांढरी रेघ नेमकी त्याच्या चेहऱ्यावर येऊन बसली. दोनदा काढली, दोनदा तिथेच. "राहू दे," त्या म्हणाल्या.

तीन गुरुवार आम्ही तेच केलं. टीम चांगली होती, हीच अडचण. सगळी मारामारी दुसऱ्या टोकाला. "इतकी चांगली टीम कशाला हवी होती मेल्यांना!" असं म्हणून त्या हसल्या, आणि मीही हसले. मग त्या समोरच्या टीमच्या बाजूने झाल्या. लाल शर्टवाला कोणी चेंडू घेऊन निघाला की पुढे सरकून बसायच्या. "ये बाळा, ये, पुढे ये. अरे पाडला का त्याला!" पोटच्या पोरावर चाल करून येणाऱ्यांना आई हाका मारतेय, आणि मी शेजारी बसून त्यांच्या कपातला चहा गार होताना बघतेय.

अकराव्या कॅसेटवर आमची टीम सहा-शून्यने हरली. चिखल, पाऊस, नोएलचा आवाजसुद्धा बंद. शुभंकर सतत पडद्यावर. पडतोय, उठतोय, हात झटकतोय, जाळ्यातून चेंडू काढतोय. आशाताईंनी ती कॅसेट चार वेळा पाहिली. त्यांना तीच आवडली.

ऑगस्टमध्ये, त्याला जाऊन वर्ष झालं त्या शनिवारी, त्यांनी आठ वर्षांत पहिल्यांदा ड्यूटीला नाही म्हटलं. आम्ही दोघी मैदानावर गेलो. गोलच्या मागे, कुंपणापाशी, हिरव्या टोप्या जमल्या होत्या. बेव्ह नावाच्या आजीबाई थर्मासमधून चहा ओतत होत्या, संत्र्याच्या फोडी फिरत होत्या. समोर नवी पोरं खेळत होती. पिवळ्या जर्सीत भलताच कोणी.

"काय नजर होती त्याची!" नोएल म्हणाला. "ती पेनल्टी आठवते? उजवीकडे झेप!"

"डावीकडे रे," बेव्ह म्हणाली. "तू कॅमेऱ्यात डोकं घालून बसलेला, तुला काय दिसणार!"

सगळे हसले. मग एकेकाने एकेक झेल सांगितला. आशाताई प्रत्येकाला मान डोलवत होत्या. ते सगळं त्यांनी कॅसेटवर पाहिलेलं होतं. त्यांच्यापैकी कोणाला त्या झेलाची तारीख विचारली असती, तर ती आशाताईंनाच आधी सांगता आली असती.

शेवटी नोएलने टोपी काढली. त्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं: इथे, कुंपणापाशी, शुभच्या नावाचा एक बाक. नाहीतर दरवर्षी चांगल्या गोलकीपरला त्याच्या नावाचा कप. शुभच्या आईला जे आवडेल ते.

आशाताईंनी पदर खांद्यावर घट्ट धरला. वारा फार होता. चेंडू तेव्हा पार पलीकडच्या टोकाला होता आणि हिरव्या टोप्यांपैकी कोणीही तिकडे बघत नव्हतं.

"बाक नको," आशाताई म्हणाल्या. "तुम्ही सगळे दोन वर्षं त्याच्या पाठीशी उभे होतात. चेंडू लांब असायचा तेव्हा तो काय करायचा, तेवढं मला सांगा."