न केकाटणारं पिल्लू

आमच्या माकुणसारच्या घरात कुत्रं आलं ते आईच्या हट्टामुळे. नोकरीसाठी मी बोईसरला फ्लॅट घेतला, बहीण लग्न होऊन गेली, आणि दिवसभर चिकूच्या वाडीत राबणाऱ्या बाबांच्या तोंडून शब्द निघेल तर शपथ. पायात घुटमळणारं काहीतरी घरात हवं, असं आईचं म्हणणं होतं.

सफाळ्याला बाबांच्या ओळखीच्या भातगिरणीमागे कुत्री व्याली होती. आम्ही तिघं गेलो. एक पांढरं पिल्लू सरळ येऊन आईच्या साडीच्या काठावर बसलं. निवड तिथेच संपायला हवी होती. पण आमच्याकडे पिल्लू पारखायची रीत ठरलेली. मानेची कातडी धरून उचलायचं. केकाटलं तर भित्रं, गप्प राहिलं तर राखणीचं. आईचं पांढरं गिरणीपेक्षा मोठ्यानं केकाटलं. एक तांबडं तेवढं लोंबकळत बाबांकडे रोखून बघत राहिलं. बाबा खूश. चिकू चोरीला जातात, म्हणाले. मीही मान डोलावली. आई गाडीत जाऊन बसली.

तांबड्याने रीतीचं नाव राखलं. चिकूला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. पण चोर कोण आणि शेजारीण कोण, हे काही त्याला कळेना. दुपारी शेजारच्या बायका लिलीच्या कळ्या घेऊन आमच्या ओटीवर यायच्या, आईबरोबर बाजारासाठी त्यांच्या गड्ड्या बांधत बसायच्या. सुनांच्या कागाळ्यांपासून देवळाच्या वर्गणीपर्यंत सगळं तिथेच निकालात निघायचं. तांबडा त्यांना फाटकातूनच पळवून लावी. एकीची साडी फाटली. भीक नको पण कुत्रं आवर, म्हणत बायकांनी बैठक पलीकडच्या घरी हलवली. आई तिकडे गेली नाही. दुसरीच्या ओटीवर पाहुणीसारखं बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. बाबा वाडीत, मी बोईसरला. दुपारी ती एकटी असते हे आमच्या ध्यानात यायला अख्खा पावसाळा गेला.

बाबांना ते फार लागलं. त्यांनी मला गाडी घेऊन बोलावलं आणि आम्ही तांबड्याला वाणगावच्या एका नातेवाइकाच्या वाडीत सोडून आलो. मग बाबा स्वतः घरोघर फिरले. कुत्रं नेलं, आता या, असं सांगत. आयुष्यात ते कुणाकडे असे गेले नव्हते. बायका आल्याही, पण थोडे दिवसच. राग कुणाचाच नव्हता. त्यांची सवय बदलली होती, एवढंच.

त्यानंतर एका रविवारी गेलो तर आई एकटीच गड्ड्या बांधत होती. मी म्हटलं, दुसरं पिल्लू आणू, या खेपेला तुझ्या पसंतीचं.

"नको," ती म्हणाली. "बायका येईनाशा झाल्या तवापासून तांबडाच बसायचा माज्या पायाशी, दुपारभर. त्याला आनताना मला कोनी इचारलं नाय. नेताना पन नाय."

किती सोपं होतं तिला विचारणं, आणि ते दोनदा राहून गेलं. बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. ते येऊन तिच्यासमोर बसले, कळ्या पुढ्यात ओढल्या आणि दोरा घेऊन एक गड्डी बांधली, मग दुसरी. दोन्ही सैल होत्या. आईने त्या उचलल्या, सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.