विनंती करण्याची विनंती

वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला की समजायचं, आता उलटतपासणी. कोर्टात ती चालायचीच, पण अलिबागच्या आमच्या गल्लीतही त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. असा एखादा शेजारी तुम्हालाही असेल. आमचा आता तसा राहिला नाही, म्हणून सांगतो.

एकदा सकाळी मासळीवाली मावशी त्यांच्या दारात आली. "दादा, पोराची होडी न्हाय आली अजून. देवाला जरा सांगा."

चष्मा वर गेला. "देवाला सगळं कळतं की नाही?"

"कळतं की."

"मग माझ्या सांगण्याने त्याला नवीन काय कळणार? तो काय मतं मोजतो? अर्ज एकच, मग त्याला इतके वकील कशाला?"

"तुमी सांगा तरी," म्हणत ती पुढच्या दारी गेली.

दुपारी होडी आली. इंजिन बंद पडलं होतं म्हणे. मावशीने गल्लीत घरोघर बांगडे वाटले. "मी काहीही केलेलं नाही," असं बजावून साहेबांनीही ते घेतले आणि मिटक्या मारत खाल्ले.

पुढे त्यांच्या पत्नीच्या, आमच्या वहिनींच्या, हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. आदल्या संध्याकाळी मुंबईहून साहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"एक विनंती होती. म्हणजे, विनंती करण्याची विनंती."

मला राहवलं नाही. "कुठल्या देवाला करू?"

"अधिकारक्षेत्र तुम्ही ठरवा हो! ही म्हणते, सगळ्यांना सांगा. मी म्हटलं, देवाला माहीत आहेच. तर म्हणते, देवाला आहे, लोकांना कुठे आहे?" मग हळूच म्हणाले, "मुद्दा मान्य करावा लागला. त्या मासळीवालीलाही सांगा."

सकाळच्या पहिल्या बोटीने मी हॉस्पिटल गाठलं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर साहेबांशेजारी मुरुडचे एक वृद्ध चाचा बसले होते. त्यांची नातही आत होती. चाचांनी साहेबांचा हात धरला. "वकीलसाब, पोरीसाठी दुआ करा."

चष्मा कपाळावर गेला. मी मध्ये पडायला पुढे सरकलो.  चष्मा हळूच खाली आला.

"नाव काय तिचं?"

दुपारी डॉक्टर बाहेर आले. वहिनी सुखरूप होत्या. मी म्हटलं, "चला, आता चहा घेऊ." साहेब उठेनात.

"तुम्ही घ्या. पोरीचं अजून चालू आहे," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसून राहिले.

तिला बाहेर आणलं तेव्हा दिवे लागले होते. सगळं ठीक झालं होतं. चाचा रडायला लागले. साहेबांनी आपला रुमाल त्यांना दिला आणि आमच्याकडे पाठ करून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.