गरम सेल

माझे बाबा, रामाजी, सावनेर-कळमेश्वरकडच्या लग्नांचे फोटो काढतात. आई शामला काठीवरचा फ्लॅश धरून त्यांच्यासोबत फिरते. फ्लॅशमधले सेल अर्धे शिल्लक असतानाच बाबा बदलायचे. मला त्याची भारी चीड यायची. म्हणून या हिवाळ्यात मी बाबांना फ्लॅशला जोडून कमरेला अडकवायची मोठी बॅटरी घेऊन दिली, म्हणजे सेल लागणारच नाहीत. सावनेरच्या लॉनवर वरात यायच्या आधीच बाबांनी ती काढून ठेवली.

"काहून काढली, बाबा?"

थोडे फोटो काढून झाल्यावर त्यांनी फ्लॅशमधले तापलेले सेल काढले, रुमालात गुंडाळले आणि आईच्या काकडलेल्या बोटांत दिले.

"तुही बॅटरी मस्त आहे गा," मग म्हणाले, "पण तुह्या मायचे हात तिनं गरम नाही होत."